एकेक नग

ज्या घरात कधी अंडं शिरलं नाही, त्या घराच्या हॉलमध्ये मासे आले! शेजारच्या रतनबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं, "शिवम्मा, लिंगायताच्या घरी मासे? खायला का बघायला?" मी म्हटलं, "आमच्या यांनाच विचारा."

आमचे हे म्हणजे वैजिनाथ. अंबाजोगाईत कापडाचं दुकान आहे. गावात केबल आली, डॉक्टरांच्या घरोघरी माशांच्या टाक्या आल्या, मग यांनाही हवीच. खरं कारण निराळं होतं. आमच्या रोहिणीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. ती गेल्यावर घर खायला उठेल, ही धास्ती.

लातूरच्या मासेवाल्याने माझ्यासमोर बजावलं होतं, "शेठ, हे कळपानं राहनारे मासे हायेत. एकाच जातीचे सात-आठ तरी घ्या."

पण कापडवाल्याचा हात तो. दुकानाच्या काचेत प्रत्येक रंगाचा एकेक नग लावायची सवय. "एकेकच दे. व्हरायटी दिसली पायजे," म्हणाले. एक पट्टेरी टायगर बार्ब, एक इवलासा निऑन, एक झेब्रा, एक लांब पंखांचा एंजल. झाली व्हरायटी!

टाकीत कुणाला चैन नव्हतं. निऑन दगडाआड दडून बसलेला. झेब्रा काचेला तोंड लावून वर-खाली, वर-खाली. बार्ब एंजलचे पंख कुरतडायचा. मी दळणाचा डबा घेऊन निघायची आणि टाकीपाशीच उभी राहायची. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण रोहिणीच्या राहण्याचं घोंगडं भिजत पडलं होतं. वर्गातल्या तिघी मैत्रिणी तिच्याच कॉलेजात निघाल्या होत्या. चौघींना होस्टेलची एकच खोली हवी होती. यांनी मात्र ओळखीच्या व्यापाऱ्याच्या माडीवर स्वतंत्र खोली ठरवली. "चार पोरी म्हंजे नुसता गोंधळ. एकटी राहिली तर अभ्यास हुईल." मलाही ते गोडच वाटत होतं. एकटी राहिली तर आई आठवेल, दर शनिवारी एसटी धरून घरी येईल.

एका दुपारी रोहिणी टाकीपुढे बसली होती. बॅग अर्धवट भरलेली, ताट तसंच. एंजलच्या पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या.

"आई, हा झेब्रा कावून असा सारखा पळतोय?"

"त्याचं कुनी न्हाई ना इथं," मी बोलून गेले.

तिने माझ्याकडे बघितलं. "मंग माडीवर माझं कोन हाय?"

मी उठले, भांडी घासायला घेतली, अर्धी तशीच टाकली. हे जेवायला आले तेव्हा पाटावर बसूसुद्धा दिलं नाही.

"आवं, लुगडं काचेत एकटं टांगलं तर चालतं. जिवाला न्हाई चालत. आधी हे मासे लातूरला नेऊन बदला. अन् पोरीला होस्टेलात घाला."

"अगं, चौघींत पोरगी बिघडंल."

"बिघडली तर माझी. आधी जगू तर द्या तिला."

जेवण आटोपून हे मासे पिशवीत घालून लातूरच्या एसटीत बसले. बोहणीला गिऱ्हाईक परत गेल्यासारखं तोंड केलं होतं. संध्याकाळी आठ झेब्रे घेऊन आले. आठही जण टाकीत सुटले, घोटाळले आणि मग एकदम वळले. एक वळला की सगळे वळायचे. बघून डोळे निवले.

रोहिणी मैत्रिणींसोबत होस्टेलातच राहायला गेली. पहिल्या शनिवारी मी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. फोन वाजला. तिच्या मागे पोरींचा हसण्याचा कल्ला.

"आई, आज न्हाई येत. आमी चौघी सिंहगडावर चाललोय!"

"जा की," मी म्हटलं. तिने पोळ्यांचं विचारलंही नाही. मला इतकं रडू आलं, आणि इतकं बरंही वाटलं.

हे टाकीत दाणे टाकत होते. आठही मासे एकदम वर आले.

"आता आपन दोगंच," मी म्हटलं.

हे टाकीकडेच बघत राहिले. "मासेवाला सात-आठ तरी म्हनला होता, शिवम्मा."

मी पदराने डोळे पुसले, पोळ्यांचा डबा उचलला आणि दारात जाऊन रतनबाईंना हाक मारली.