प्रसादाची पोळी

माझा धाकटा लेक शेषराव याचं लग्न झालं, ते साल १९६६. त्या वैशाखात आमची चार वर्षांची नात कोकिळा मांडवात कडेवरच होती. पोट घागरीसारखं, हातपाय काड्या. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ, तेलकट शी. आम्ही देऊळघाटची ज्वारी खाणारी माणसं. गहू सणाला, पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. म्हणून तिला मी रोज दुधात पोळी कुस्करून द्यायचे. ती जितकी वाळायची, तितकी मी पोळी वाढवायचे.

आषाढात तिचे आईबाप, माझा मोठा लेक निवृत्ती आणि सून विमल, तिला खामगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही गेले. त्यांनी पोरगी काय काय खाते ते खोदून खोदून विचारलं.

"हिच्या आतड्याला गहू सोसत नसावा," ते म्हणाले. "पोळी, रवा, शेवया, बिस्कीट, सगळं बंद. ज्वारीची भाकर द्या, भात द्या. फरक पडला तर तोच आजार."

कागदावर लिहूनही दिलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं.

घरी आमचे मालक हसले. "बुढे, तू लाडानं पोळी चारत होती, अन् डॉक्टर म्हणते भाकर औषध आहे!"

"शिकला कायले मंग तो?" मी म्हटलं.

पण महिन्याभरात शी बांधून होऊ लागली. दोन महिन्यांत कोकिळा अंगणात कोंबडीमागे धावत होती.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. त्यांचा प्रसाद आमच्यात उंबऱ्याबाहेर जात नाही; घरातल्या प्रत्येकानं पुरणाची पोळी खायचीच.

विमल म्हणाली, "आत्याबाई, तिले ज्वारीची आंबील देऊ. ते बी प्रसादच आहे."

"देवीचं अन्न बाधते का वं?" मी म्हटलं, आणि ती पाठमोरी होताच पोरीला पोळी चारली. दोन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. डॉक्टरच चुकला, असं मी ठरवलं. विमल वावरात गेली की रोज अर्धी पोळी.

"आईले सांगू नको."

तिनं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर हगवण परतली. डॉक्टरांनी विचारलं, "गहू नक्की बंद आहे?"

"हाव साहेब," विमल म्हणाली. "माह्या हातची भाकरच खाते ते."

"आजीबाई, तुम्ही सांगा."

लेक समोर, सून समोर. मी म्हटलं, "हाव."

डॉक्टरांनी आपला कागद पुन्हा वाचून परत दिला. मग म्हणाले, "म्हणजे दोष गव्हाचा नाही." औषध बदललं, बंदी उठवली. त्यानंतर विमलही तिला स्वतःच्या हातानं पोळी भरवू लागली. मी चुलीपाशी बसून पाहत होते.

बारा वर्षांनी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले. डॉक्टरांचा तो जुना कागद पेटीतून काढून वाचला. खाली लिहिलं होतं, 'एक घाससुद्धा नको.' विमल अजून म्हणते, "काय झालतं तिले, कोणालेच कळलं नाही." मी तिला सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहिलं. तिला वाचता येतं.

कोकिळा बुधवारी, १८ जानेवारी १९६७ रोजी, सकाळी वारली.