फौजदाराची कात

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण आमच्या घरातल्या फौजदाराने एका पालीला शेपूट टाकून पळायला लावलं होतं. फौजदार म्हणजे नाकतोडा. पण पाला खाणारा गरीब गडी नव्हे. काटेरी पायांच्या मिठीत रातकिडा धरून डोक्यापासून कुरतडणारा, अंगाहून लांब मिशांचा हिरवागार शिकारी. बायकोने त्याला तांदळाच्या दाण्याएवढा असल्यापासून वाढवला होता. मी शिंपी. दुकानातली झुरळं मी पकडून आणायची आणि तिने ती चिमट्याने भरवायची. इतक्या प्रेमाने मला कधी वाढलं नाहीस, असं मी कुरकुरायचो. ती म्हणायची, तो जेवला की मिशा स्वच्छ करतो, तुमच्या मिशीत सकाळचा चहा असतो.

वाढताना तो कात टाकायचा. उंच फांदीला उलटा लटकायचा आणि जुन्या अंगातून हळूहळू खाली सरकायचा. आता शेवटचीच कात उरली होती. ती टाकली की पंख फुटणार, आणि पंख फुटले की तो गाणार. नेमकं तेव्हाच तिला इस्पितळात न्यावं लागलं. जाताना म्हणाली, त्याचं गाणं ऐकल्याशिवाय मी कुठे जायची नाही.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं. मी आत येऊन तिला म्हटलं, आठवड्याभरात घरी.

मग वाटलं, फौजदारालाच तिच्याकडे न्यावं. त्याचा उंच पिंजरा वॉर्डात कोण येऊ देणार? म्हणून गुंड्यांची बुटकी बरणी रिकामी केली, झाकणाला भोकं पाडली आणि इस्पितळात न्यायच्या आदल्या संध्याकाळीच त्याला आत ठेवलं. पठ्ठ्याने कात टाकायला नेमकी तीच रात्र साधली. खाली सरकायला जागाच नव्हती. सकाळी बघतो तो अर्धा कातीत, अर्धा बाहेर, आणि पंख चुरगळलेल्या अस्तरासारखे. जन्मभर शिवणी उसवल्या, तशी सुईच्या टोकाने कात सोडवली. कात अख्खी निघाली. तो हलला नाही.

कात काडेपेटीत घालून मी इस्पितळात गेलो आणि एक लोणकढी ठोकून दिली. काल पंख फुटले, म्हटलं. असा गायला की माझं मशीन आपोआप थांबलं. समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धं भादरून सोडलं आणि आमच्या दारात येऊन बसला. गिऱ्हाईकही तसंच आलं, एका गालाला फेस घेऊन. ती हसली, सलाईनची नळी हलेपर्यंत हसली. मला चेव आला. पुरावा म्हणून मी काडेपेटी पुढे केली.

तिने कात दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेली. लांबलचक मिशांच्या टोकापर्यंत शाबूत होती. बराच वेळ ती बघत राहिली.

"अहो, कात टाकली की तो आधी तीच खातो. दरवेळी खायचा. एक पायसुद्धा उरवायचा नाही."

"हल्ली त्याचं पोट जरा बिघडलंय," मी म्हटलं.

तिने कात काडेपेटीत ठेवली, काडेपेटी माझ्या हातात दिली आणि माझी मूठ मिटली.

"तो गेलाय. आणि डॉक्टरही आठवड्याभरात घरी असं म्हणाले नाहीत ना?"