दारातलं कीर्तन

आमच्या चर्चमध्ये "मी कीर्तन करणार" म्हटलं की लोकांना वाटतं मी धर्म बदलला. आणि लखनौच्या महानगर भागातल्या मराठी मंडळात "आम्ही ख्रिश्चन" म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "मग तुमचं आडनाव पाटोळे कसं?" दोन्हीकडे माझं आता एकच उत्तर असतं: आमच्या नगर जिल्ह्यात या, दाखवते. दहावीपर्यंत मी अशा वेळी नुसती हसून खाली बघायचे. अकरावीत गेले आणि ते बंद केलं.

नगर जिल्ह्यात माझी गीताआत्या कीर्तन करते. शाळेत शिकवते आणि रविवारी गावोगावच्या चर्चमध्ये गळ्यात उपरणं टाकून उभी राहते. गोष्ट मोशेची, योनाची, कुणाचीही असेल. मध्येच पद म्हणायचं, लोकांना हसवायचं आणि हसता हसता चिमटा काढायचा. मे महिन्याच्या सुट्टीत ते मी तिच्याकडून शिकले. आत्या म्हणाली, "उत्कर्षा, तुझा आवाज दारापर्यंत जातो. आता तो वापर."

बाबांची रेल्वेतली नोकरी आम्हाला लखनौला घेऊन आली. आमचं चर्च हजरतगंजच्या मागच्या गल्लीत, उपासना हिंदीत. नोव्हेंबरात तिथे शुक्रगुज़ारीचा इतवार असतो, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायचा रविवार. त्या दिवशी लोक ऊस, भोपळे, मुळ्याच्या जुड्या घेऊन येतात. १९९६ साली पादरीसाहेबांनी त्या दिवसासाठी आम्हा मुलांना विषय दिला, 'परदेशी', आणि मला वाट्याला आली रूथ.

मी म्हटलं, "मैं कीर्तन करूँ?"

पादरीसाहेब माणूस हौशी. म्हणाले, "हिंदी में समझाओगी तो करो."

पेटीला माझ्याबरोबर वीणाकाकू. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान राजेशकाका अमौसीच्या विमानतळावर विमान कंपनीत आहेत आणि काकू आहेत पेटीवर. गणपतीत मंडळाची सगळी गाणी त्यांच्याच बोटांवर चालतात. मी नुसतं विचारलं आणि त्यांनी पोळपाट बाजूला सारला. "कुठली पट्टी?"

मग रोज संध्याकाळी गच्चीवर आमचा सराव. कीर्तनात पेटीवाली कीर्तनकाराच्या हाताच्या अंतरावर बसते. मी गोष्टीत कुठे थांबेन, कुठे पदाला उडी मारेन, हे आधी ठरलेलं नसतं. मी मान वळवली की तिने सूर द्यायचा. काकू माझ्या खांद्याकडे बघत वाजवायच्या.

मला रूथ इतकी आवडायला लागली की भाजी निवडतानाही मी आईला तिच्याबद्दल सांगायचे. ही मवाबातली, म्हणजे शेजारच्या परक्या देशातली पोरगी. नवरा वारला, तरी सासूला सोडलं नाही, तिच्याबरोबर बेथलेहेमला आली. जमीन नाही, माणूस नाही. पण त्या लोकांचा नियम होता की शेत कापताना कडा सोडायच्या, पडलेली कणसं उचलायची नाहीत. ती गरिबासाठी, विधवेसाठी, उपऱ्यासाठी. आणि कारण काय, तर तुम्हीही मिसरात, म्हणजे इजिप्तात, परकेच होता. पादरीसाहेब सांगत की जुन्या करारात परके दोन प्रकारचे आहेत. एक येणारा-जाणारा, व्यापारी वगैरे. आणि एक जो येऊन राहिला, ज्याला आपलं म्हणणारं कुणी नाही. पहिल्याला नुसतं परदेशी म्हणून सोडून दिलंय. दुसऱ्याची काळजी मात्र पुन्हापुन्हा घेतलीय.

"आणि त्याच बायबलात असंही लिहिलंय की मवाबी माणसाला देवाच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत घेऊ नका," मी आईला म्हटलं. "एका ठिकाणी तर परक्या बायकांना मुलांसकट घरी पाठवून द्यायला लावलंय. म्हणजे ते पुस्तक स्वतःशीच भांडतं, आई. आणि मधे ही रूथ उभी."

"तू कोथिंबीर निवड," आई म्हणाली. पण ती ऐकत होती.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मैसीअंकलनी अडवलं. मैसीअंकल चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. काळी शेरवानी, केस चापून बसवलेले, आणि तीन पिढ्या इथल्याच असल्याचा रुबाब. उपासना संपल्यावर त्यांनी मला कमिटीच्या खोलीत बोलावलं. बाबा, पादरीसाहेब आणि ऑर्गन वाजवणारे लालसाहेबही आले.

"बेटी, कीर्तन-वीर्तन हमने मान लिया," मैसीअंकल म्हणाले. "मगर बाजे पर जो मोहतरमा बैठेंगी, वो तो बाहर की हैं। वेदी के चबूतरे पर सिर्फ़ मेंबर। ये क़ायदा है।"

"अंकल, वो मेरे साथ ही बैठेंगी। कीर्तन ऐसे ही होता है।"

"लाल साहब ऑर्गन बजा देंगे।"

लालसाहेबांनी घाईघाईने नकारार्थी मान हलवली. "भई, मुझे तो जो काग़ज़ पर लिखा हो, वही आता है।"

"तो टेप कर लीजिए," मैसीअंकल म्हणाले. "कैसेट चला देंगे।"

मला हसूच आलं. बाबांनी पायाने माझा पाय दाबला. मी म्हटलं, "अंकल, रूथ मेंबर तो चौथे चैप्टर में बनी। खेत में तो उसे दूसरे में ही आने दिया था।"

पादरीसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मैसीअंकल मात्र कच्चे नव्हते. "और पहले चैप्टर में उसने क्या कहा था? कि सास का ख़ुदा मेरा ख़ुदा। तुम्हारी आंटी ने कहा है?"

मी पानं आठवत बसले, आणि एकदम सुचलं. "मगर खेत के किनारे वाला क़ायदा तो सबके लिए है, अंकल। उसमें ये नहीं लिखा कि परदेसी से पहले पूछो किसे मानते हो। बस इतना कि वो है, और उसे भूख है।"

"वो खेत है। ये वेदी है," मैसीअंकल म्हणाले, आणि उठले. "क़ायदा क़ायदा है। अकेली गाओ, या पर्चा पढ़ दो।"

घरी, महानगरला आल्यावर बाबा स्कूटर लावता लावता म्हणाले, "पेटीशिवाय नाही जमणार?"

"जमेल," मी म्हटलं. "पण रूथची गोष्ट सांगायची आणि वीणाकाकूंना बाहेर ठेवायचं, हे मला नाही जमणार. मग मी नाहीच करत."

वीणाकाकूंना सांगायला वर गेले, तर त्यांनी ऐकून पेटीवर कापड टाकलं. "अगं, बाहेरचीच आहे ना मी. त्यात वाईट काय वाटायचंय? तू कर हं छान." आणि मग कापडाच्या घड्या सारख्या करत राहिल्या. त्या घड्या आधीच सारख्या होत्या.

"आम्हाला मंडळात पहिल्या गणपतीला कुणी बोलावलं होतं?" मी विचारलं.

"ते वेगळं."

"मंडळातल्या सुलभाताई म्हणाल्या होत्या ना, ही माणसं आरतीला कशी उभी राहणार? तेव्हा तुम्ही आम्हाला काय सांगितलं?"

काकू जराशा हसल्या. "सांगितलं, आरतीला नका राहू, पण मोदकाला या."

"मग झालं तर," मी म्हटलं. "काकू, चबुतऱ्यावर मेंबरच बसायचे, असा त्यांचा नियम आहे. चबुतऱ्याखाली कोण बसतं, त्याचा नियमच नाही. दारात कोण बसतं, त्याचा तर नाहीच नाही. आत्या तर झाडाखालीसुद्धा कीर्तन करते."

"उत्कर्षा, तुला ओरडतील."

"ओरडू देत. माझा आवाज मोठा आहे."

शेवटी मी पादरीसाहेबांना फोन केला. चोरून काही करायचं नव्हतं मला. मी म्हटलं, मी दारातून करीन, आंटी उंबऱ्याच्या बाहेर बसतील, कुठलाच क़ायदा मोडणार नाही. मग ते म्हणाले, "लोग तुम्हारी तरफ़ पीठ किए बैठे होंगे, बेटी।"

"घूम जाएँगे," मी म्हटलं. आतून मात्र खात्री नव्हती.

रविवारी काकू सायकलरिक्षात पेटी मांडीवर घेऊन आल्या. साडी हिरवी, नवीकोरी. चर्चच्या व्हरांड्यात उसाच्या मोळ्या आणि भोपळ्यांच्या शेजारी त्यांनी सतरंजी पसरली. उशिरा येणारे लोक त्यांना वळसा घालून आत जात होते.

माझं नाव पुकारलं. मी पुढच्या बाकावरून उठले आणि चबुतऱ्याकडे न जाता मधल्या वाटेने उलटी चालत दाराकडे गेले. सगळ्यांना वाटलं, पोरगी घाबरून पळाली. मैसीअंकल पहिल्या बाकावरून अर्धे उठले. मी उपरणं गळ्यात टाकलं, झांजा घेतल्या आणि मान वळवली. काकूंनी सूर दिला.

तो सूर मागून आला ना, तेव्हा डोकी वळली. पण बाकावर बसून किती वेळ मान वळवणार? आणि तेवढ्यात पादरीसाहेब वेदीवरून म्हणाले, "भाइयो-बहनो, बेंच घुमा लीजिए।"

काय आवाज झाला तो. लाकडी बाक दगडी फरशीवर घासले, बायकांनी पर्सा सांभाळल्या, म्हाताऱ्यांना उठवून पुन्हा बसवलं. सगळं शांत झाल्यावर कळलं की उशिरा येऊन मागे बसलेले लोक आता सगळ्यात पुढे होते आणि कमिटी सगळ्यात मागे.

मी सुरुवात केली. हिंदीत गोष्ट, मराठीत पदं. प्रत्येक पदाचा अर्थ आधीच सांगून टाकायचा. सासू सुनेला म्हणते जा, सून म्हणते नाही जात. हे मी दोन आवाजांत केलं आणि पुढच्या बाकावरच्या आंट्या हसल्या, कारण सासू मी लखनवी केली होती. मग शेत आलं. मी म्हटलं, हे लोक दहा पिढ्यांचं कुलूप लावून बसलेत आणि इकडे ही पोरगी कडेची कणसं वेचतेय. मग शेताच्या मालकाशीच हिचं लग्न झालं. हिचा मुलगा ओबेद. त्याचा मुलगा इशाय. त्याचा मुलगा दाऊद राजा.

"अब गिनिए," मी बोटं वर केली. "दस पीढ़ियाँ हुईं? नहीं हुईं। क़ायदा पूरा चलाते तो दाऊद भी दरवाज़े के बाहर बैठे होते। यहीं। इन भोपळों के पास।"

हिंदीत भोपळ्याला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवलंच नाही. तरी सगळे समजले. मी काकूंकडे मान वळवली आणि मीच रचलेलं पद घेतलं:

परकी पोरगी, कडेला वाकली,
तीच की जाहली राजमाता.

खरं तर ती दाऊदची पणजी. पण पणजी चालीत बसत नव्हती.

दुसऱ्यांदा ओळ घेताना मला मधल्या वाटेने काळी शेरवानी येताना दिसली. मैसीअंकल. माझा आवाज किंचित हलला, पण काकूंचा सूर खालून घट्ट होता, त्यावर मी उभी राहिले. अंकल पहिल्या रांगेपर्यंत आले. तिथे जागा नव्हती. ते आणखी पुढे आले, उंबरा ओलांडून व्हरांड्यात आले आणि शेरवानी सावरत सतरंजीच्या टोकावर, पेटीपासून हातभर अंतरावर बसले. त्यांनी डोळे मिटले. पद संपलं. कुणी टाळी वाजवली नाही, चर्चमध्ये वाजवत नाहीत. मी गोष्ट पुढे नेणार, तोच अंकल डोळे न उघडता म्हणाले, "मुकर्रर।"

आत्याने हे कधी शिकवलं नव्हतं. नगरला कीर्तनात असं कुणी म्हणत नाही. पुढच्या बाकावरच्या आंटी कुजबुजल्या, "फिर से, बेटा। मुशायरों में कहते हैं। पसंद आया है।"

मग मैसीअंकलनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी वीणाकाकूंसमोर हात कपाळाला लावला. "बहन जी, ज़रा वही सुर।"

काकूंनी माझ्या खांद्याकडेही बघितलं नाही. भाता आधीच उघडला होता. मी पुन्हा गायले, या वेळी वरच्या सुरात, आणि आवाज पार वेदीपर्यंत गेला.