जऊळक्याची आराधना

जऊळका स्टेशनात मी तारबाबू म्हणून गेलो तो १९३५ साली. घर वसईकडे. तिथे पहाटे आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा वाजे आणि मला तिचा कंटाळा येई. जऊळक्याला घंटा होती ती फक्त गाडीची. आमचे सर्वांत जवळचे देऊळ अकोल्याला. तिथले फादर तीन महिन्यांनी एकदा पहाटेच्या गाडीने येत, माझ्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे भाकरीचा प्रसाद देण्याची आमची उपासना, म्हणत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. मिस्सेला आम्ही दोघेच. मी आणि तुळसाबाई.

तुळसाबाई स्टेशनवर पाणी भरायची. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो तापाने गेला. लहानपणी ती अचलपूरकडच्या मिशनात सिस्टरांपाशी वाढली. तिथे दर गुरुवारी मुलींना परमप्रसादापुढे तासभर बसवत. वेदीवरच्या पेटीत, भाकरीच्या रूपात, ख्रिस्त स्वतः असतो असे आम्ही कॅथलिक मानतो. तो आत असला की पेटीजवळ तांबडा दिवा जळतो. दिवा नाही तर पेटी रिकामी. त्या तासात काही बोलायचे नसे, नुसते बसायचे. लग्न होऊन जऊळक्याला आल्यापासून पंधरा वर्षांत तिला ते बसणे मिळाले नव्हते. मिस्सा झाली की फादर उरलेला प्रसाद डबीत घालून नेत.

"सगळं भेटलं मले इथं," रांजण भरता भरता ती एकदा म्हणाली. "घर भेटलं, मानूस भेटला, तो गेला बी. पन त्याच्यापुढं बसाले काही नाही भेटलं."

"माझ्यापाशी तर त्याच्याशी बोलायला काही नसतं, बाई," मी म्हणालो. मला कुणापुढे बसावेसे वाटत नव्हते. प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण त्या म्हणताना मी दुसऱ्याच कुणाचे पत्र वाचतो आहे असे वाटे. तिचा मात्र हेवा वाटला.

पुढच्या खेपेला तिने फादरांनाच गाठले. "फादर, एक डाव त्याले इथं ठिवा ना. चार-पाच घंटे. म्या राखन करतो."

"बाई, त्यासाठी पेटी पाहिजे, कुलूप पाहिजे," फादर आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले. "आणि बिशपस्वामींची परवानगी पाहिजे."

"मंग मागा ना. तुमाले त लिवता येते."

फादर हसले, पण त्यांनी लिहिले. परवानगी आली. मेडशीच्या वाटेवर, तीन कोसांवर, सडकेच्या कामाला मिशनातले काही मजूर आले होते. त्यांतला एक आजारी होता. मिस्सेनंतर फादर छकड्यातून त्याला प्रसाद द्यायला जाणार, आणि ते परत येईपर्यंत बाकीचा प्रसाद माझ्या खोलीत राहणार, असे ठरले.

पेटी रामकिसन सुताराने केली. कुलूप बसवताना तो म्हणाला, "काहून वं तुळसाबाई, तुमचा देव पळून जाते का?"

"देव नाही पळत रे. तुह्यासारखे उंदीर फिरतेत ना गावात!"

तो दिवस गुरुवारचा होता. मिस्सा झाली, फादरांनी प्रसाद पेटीत ठेवला, मी दिवा लावला. तुळसाबाई नऊच्या गाडीचे पाणी भरायला धावली. ते आटोपून ती येणार होती. तेवढ्यात सडकेच्या कामावरून माणूस आला. आजारी एक नव्हता, सात होते, आणि दोघांचे काही खरे नव्हते. फादरांनी पेटी उघडली आणि होता नव्हता तेवढा प्रसाद डबीत घेतला. छकड्यात चढता चढता मला म्हणाले, "दिवा विझवा. बाईंना सांगा, मला क्षमा करा."

मी मान हलवली. पण सिग्नल पडला होता, पुढच्या स्टेशनची तार यायची होती. मी तसाच धावलो. गाडी गेली, मग एक मालगाडी अडकली. दिव्याची आठवण झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

खोलीच्या दारात तिच्या वहाणा होत्या. ती आत दोन्ही गुडघ्यांवर बसली होती. धुतलेले पांढरे लुगडे, डोक्यावरून पदर, हात मांडीवर उघडे. दिवा जळत होता. तिचा चेहरा मला बाजूने दिसला. तो कसा होता हे मी पुष्कळदा लिहून पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी कागद फाडला आहे. दूरगावी दिलेल्या मुलीला भेटायला कुणी माहेरचे आले, की ती काही बोलण्याआधी जशी दिसते, तशी ती दिसत होती. यापेक्षा बरे मला सुचत नाही.

मी तिला तेव्हाच सांगायला हवे होते. मी वहाणांपाशी उभा राहिलो आणि परत फिरलो.

दोनच्या सुमारास ती स्वतःच बाहेर आली. "बाबू, त्यानं ओळखलं मले," ती म्हणाली. "म्या म्हनलं, पंधरा वर्सं झाली, काय ओळखते! पन ओळखलं."

अजून गप्प राहिलो असतो तर फादरांच्या तोंडून तिला कळले असते. मी सांगितले. पेटी रिकामी आहे, नऊपासून रिकामी आहे, दिवा माझ्या चुकीने राहिला.

तिने वळून पेटीकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग म्या कोनापाशी बसून राह्यली होती?"

तिने आत जाऊन दिवा विझवला, वहाणा घातल्या आणि गेली. फादर आले तेव्हा ती आली नाही. पुढे तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. माझी घागर तेवढी भरून ठेवायची.

त्यानंतरच्या खेपेला फादरांनी मुद्दाम दिवस मोकळा ठेवला. पेटीत प्रसाद ठेवून त्यांनी तिच्यासमोर कुलूप लावले, किल्ली खिशात घातली आणि मागच्या खोलीत आपले प्रार्थनेचे पुस्तक घेऊन बसले. या वेळी मी रजा घेतली होती. बाहेर ओट्यावर बसलो होतो.

तासाभराने ती बाहेर आली. डोळे कोरडे होते.

"काय झालं, बाई?"

"काईच नाही होऊन राह्यलं, बाबू. तवा पेटी रिकामी होती त मन भरून आलतं. आता तो हाये, अन् मले डाळीचं आठवते. रांजन फुटला ते आठवते." ती ओट्याच्या कडेला टेकली. "तवाचं खोटं होतं का आताचं?"

"मला नाही कळत," मी म्हणालो. माझ्या कपाटातल्या कुठल्या पुस्तकात याचे उत्तर असेल का, हे मी मनात शोधत होतो.

"फादरले विचारू का?"

"विचारा."

ती उठली. मला वाटले मागच्या खोलीकडे जाईल. पण पुढच्या खोलीच्या दारातच ती थांबली.

"नोको," ती म्हणाली. "अजून चार घंटे हायेत. पाहुना घरात अन् म्या बाहेर बसून त्याच्याच गोष्टी करू का?"

तिने पदर सारखा केला.

"तुमी बी या. माह्यापाशी आज बोलाले काई नाही, तुमच्यापाशी बी काई नसते. दोघं बसू."

मी वहाणा काढल्या आणि तिच्या मागे, भिंतीला लागून, गुडघ्यांवर बसलो.