आखूड ढिगातली मेणवडी

मी मेणाची एक वडी आहे. लांबी-रुंदीला काडेपेटीहून लहान, पांढरट, एका बाजूला प्लास्टिकची जाळी आणि तिच्यावर नंबर. माझ्या पोटात शेंगदाण्याएवढा मांसाचा तुकडा आहे. मेण इस्पितळाचं. मांस एतेल्का वारकोनी नावाच्या बाईच्या मेंदूतलं. माझी म्हणून जी काही हकिकत आहे ती खरं तर तिचीच.

एतेल्का सेगेद शहरात ट्राम चालवायची. दोन हजार अकराच्या मार्च महिन्यात एका सकाळी ती दोन थांबे न थांबताच पुढे गेली. लोक ओरडले. माफी मागायला ती मागे वळली, पण तो शब्दच तिला सापडेना. आठवड्याभरात तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. निघेल तेवढी गाठ काढली. तिचा एक तुकडा डबीत घालून प्रयोगशाळेत पाठवला, आणि तिथे माझा जन्म झाला.

जन्म म्हणजे काय, आधी औषधात मुरणं, मग स्पिरिटच्या एकामागून एक आंघोळी, आणि शेवटी वितळलेलं मेण अंगावर. हे सगळं पिरोश्काने केलं. ती इथली सगळ्यात जुनी बाई. केस बारीक कापलेले, जीभ मात्र लांब. तिने मला थंड पाट्यावर गोठवलं, यंत्राला लावलं आणि केसाहूनही पातळ काप काढून कोमट पाण्यावर तरंगत सोडले. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टरांनी ते पाहिले आणि रोगाचं नाव लिहिलं: ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या गाठींमध्ये याच्याइतकी वाईट गाठ क्वचितच.

मग मला तळघरातल्या कपाटात ठेवलं. सात वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. माणसांची ही रीतच आहे. जीव टांगणीला असतो तेव्हा तासातासाला विचारपूस, आणि अहवाल हाती पडला की खण बंद. एकदा कुणीतरी शेजारची वडी घाईघाईने ओढली आणि माझा कोपरा उडाला. तो अजून तसाच आहे.

दोन हजार अठरा साली लोरांत केरेकेश नावाचा डॉक्टर कपाटापाशी आला. त्याला ग्लायोब्लास्टोमाच्या जुन्या वड्या हव्या होत्या. एकशे अडतीस जणी निघालो.

त्याचं म्हणणं असं होतं. प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी एकच असते. पण कुठली पेशी कुठली ओवी खड्या आवाजात म्हणते आणि कुठली मनातल्या मनात, यात फरक असतो. गाठीतल्या ठरावीक बारा जनुकांचा आवाज मोजला, तर रोगी किती दिवस काढेल याचा अंदाज बांधता येईल. त्याने आमचे पाच-पाच काप घेतले, त्यातून आवाज मोजले आणि आमचे दोन ढीग केले. लांब ढीग आणि आखूड ढीग. आखूड ढिगातली निम्मी माणसं अकरा महिन्यांच्या आत गेली होती. मी त्या ढिगात अगदी तळाशी.

आलेखाच्या रेघेवर आकडे छान जुळत होते. एक मी सोडून. माझ्या नंबरापुढे मृत्यूची तारीखच नव्हती.

“नोंद राहिली असेल,” लोरांत म्हणाला. “शेवटची तपासणी दोन हजार तेराची. बाई त्यानंतर गेलीच असणार. हिला यादीतून काढू या.”

पिरोश्का काप काढता काढता थांबली. लोरांत विद्यार्थी होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. “का रे? तुझी रेघ वाकडी होते म्हणून?”

“तसं नाही, पिरोश्कामावशी. एवढ्या वाईट आकड्याचं माणूस सात वर्षं जगत नाही.”

“मेलेल्याला तारीख असते. तारीख नाही तर माणूस आहे असं धरायचं. फोन कर.”

“आणि कुणी रडायला लागलं तर?”

“तर ऐकून घे. डॉक्टर आहेस ना?”

त्याने फोन लावला. मी टेबलावरच होते. एका बाईने उचलला. आवाज खणखणीत, पण शब्द शोधत शोधत येणारा.

“वारकोनींचं घर का? मी सेगेदच्या इस्पितळातून बोलतोय. एतेल्काबाईंबद्दल जरा विचारायचं होतं...”

“विचारा की. मीच बोलतेय.”

लोरांतने यादीतला माझा नंबर पुन्हा वाचला. मग तो म्हणाला, “कशा आहात?”

“जर्दाळूचा जॅम चुलीवर आहे. जळला तर तुम्ही जबाबदार. लवकर बोला!”

पिरोश्काने तोंडावर हात धरला. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

एतेल्का दोन हजार तेरातच नवऱ्याबरोबर मोहाचला राहायला गेली होती, डॅन्यूब नदीच्या काठी. तपासण्या तिकडेच व्हायच्या, म्हणून इकडची नोंद थांबली होती. लोरांतने बोलावलं म्हणून महिन्याभराने दोघं सेगेदला आली. ती ठेंगणी, डोक्यावर निळा रुमाल. नवरा मिहाय उंच आणि किंचित वाकलेला. तिने पिरोश्काच्या हातात जॅमची बाटली दिली आणि मला बघायला मागितलं.

“ही? मला वाटलं, एवढं डोकं फोडलं म्हणजे निदान बटाट्याएवढं तरी काही निघालं असेल.”

लोरांत आनंदात होता, आणि आनंदात माणसं बेसावध बोलतात. तो म्हणाला, “तुमच्या ढिगातल्या निम्म्या लोकांना अकरा महिनेसुद्धा मिळाले नाहीत. तुम्हाला सात वर्षं झाली. ऑपरेशननंतर तुम्हाला किती मुदत सांगितली होती?”

“मुदत? मला म्हणाले, गाठ वाईट होती, काढली, औषधं घ्या.” ती बोलता बोलता थांबली. मिहाय खिडकीबाहेर बघत होता. “मिहाय, तुला सांगितलं होतं?”

त्याने टोपी काढून हातात घेतली.

“मिहाय.”

“वर्ष धरा म्हणाले होते.”

“म्हणून तू बार्ज सोडलास?”

पिरोश्काला नंतर कळलेलं मला इथेच सांगायला हवं. मिहाय बावीस वर्षं डॅन्यूबवर खडी वाहणाऱ्या बार्जवर होता. महिना महिना बाहेर असायचा. ऑपरेशनच्या त्याच वसंतात त्याने कंबरदुखीचं निमित्त सांगून काम सोडलं आणि पुढे मोहाचला नदी ओलांडणाऱ्या नावेवर तिकिटं फाडायला बसला. समोरून जुने सोबती बार्ज घेऊन जायचे, हात करायचे.

“कंबर दुखते म्हणालास,” एतेल्का म्हणाली. “सात वर्षं मी तुझी कंबर चोळली रे!”

“सांगितलं असतं तर तू रोज कॅलेंडर बघत बसली असतीस, एता. ते मी बघत बसलो.”

“आणि पहिलं वर्ष सरल्यावर? दुसरं सरल्यावर?”

“रोज वाटायचं, आज नको.”

ती खुर्चीत बसली. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग आवाज न चढवता म्हणाली, “आईच्या मातीला इम्रे आला नाही, म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. सख्खा भाऊ. दोन हजार चौदाला तो गेला. मला वाटायचं, काय घाई आहे, पुढच्या वर्षी जाऊ, चार शब्द सुनावू आणि मिटवू. एक वर्ष उरलंय असं कळलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभी राहिले असते.”

  पिरोश्काने कॉफी आणून ठेवली, पण कुणी कपाला हात लावला नाही.

एतेल्काने डॉक्टरला विचारलं, “आता सांगा. आता किती?”

“खरं सांगू? मला माहीत नाही. तुमच्यासारखं माझ्या ढिगात दुसरं कुणीच नाही.”

“हे बरं आहे,” ती म्हणाली. “समोर बसवून मला दिलेलं हे पहिलंच उत्तर.”

जाताना ती नवऱ्याच्या पुढे चालत होती. दारापाशी मात्र थांबली आणि तो येईपर्यंत दार धरून उभी राहिली.

लोरांतने मला यादीतून काढलं नाही. त्याची रेघ थोडी वाकली. लेख छापताना परीक्षकांनी विचारलं, ही एक वडी का ठेवली? त्याने लिहिलं, कारण ही बाई जिवंत आहे. त्याचा आकडा ढिगाबद्दल पुष्कळसा खरा निघतो. एकेकट्या माणसाबद्दल तो हमी देत नाही, हे तो आता पहिल्याच पानावर लिहितो. नव्या रोग्याची गाठ तपासण्याआधी तो दोन गोष्टी विचारतो: तुम्हाला किती कळायला हवं, आणि तुमच्या आधी कुणाला सांगितलेलं चालेल? काही जण म्हणतात, सगळं सांगा. काही म्हणतात, काहीच नको. एक म्हातारा म्हणाला, बायकोला सांगा, पण मी शेजारी बसलेला असताना.

मिहाय परत बार्जवर गेला. एतेल्कानेच पाठवला. त्याच्या बेलग्रेडच्या खेपेला ती सोबत जायची आणि खलाशांसाठी माशांचा रस्सा करायची, असं तिच्या पत्रांतून कळायचं. इम्रेच्या बायकोकडेही ती जाऊन आली. वहिनीने दार उघडलं, एवढंच लिहिलं होतं.

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात शब्द पुन्हा हरवायला लागले. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. ऑपरेशनला दहा वर्षं व्हायला एक महिना कमी होता.

उन्हाळ्यात मिहाय एकटाच आला. पिरोश्का तेव्हा निवृत्त झाली होती. लोरांतने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. सततच्या कापांनी मी झिजले होते, पोटातलं मांस चिमूटभर उरलं होतं.

“ही घेऊन जाता येईल का?” मिहायने विचारलं. “तिच्याजवळ पुरली असती.”

“नियमाने अजून वीस वर्षं ठेवावी लागते,” लोरांत म्हणाला. “पण मी अर्ज करून बघतो. मिळेलही.”

मिहायने मला उलटंसुलटं करून पाहिलं. “हे मांस तिचं की रोगाचं?”

लोरांत म्हणाला, “दोन्हींचं. वेगळं करता येत नाही.”

“मग राहू दे इथेच,” मिहाय म्हणाला. “तो परत तिच्याजवळ नको.” त्याने मला टेबलावर ठेवलं, टोपी घातली आणि गेला.

आता माझ्यात सात-आठ काप निघतील एवढंच शिल्लक आहे. आजही कुणी मोजलं तर मी अकरा महिनेच सांगेन. मला दुसरं काही सांगता येत नाही. तिचा भाऊ, तिचा नवरा, तिचा जॅम यातलं माझ्या पोटात काहीच नाही. तेव्हा पुढे जो कुणी मला यंत्राला लावेल त्याला एवढंच सांगणं आहे: कापायचं तर जरूर काप, त्यासाठीच मी आहे. पण उत्तर हाती आलं की ते आधी त्या माणसाकडे ने, ज्याचं ते आहे. आणि दारातूनच सांगू नकोस. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बस.