उघडे मास्तरांची छाती

मित्रांनो, मी एक जुना मास्तर आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि माझं पोट कायम उघडं असतं. माणसाच्या शरीरात काय काय आणि कुठे कुठे आहे, ते मुलांना दाखवायचं हा माझा धंदा. शाळेतल्या पोरांनी माझं नाव ‘उघडे मास्तर’ ठेवलं. पहिल्यांदा मला राग आला होता. पण चारचौघांत आडनावासारखं शोभून दिसतं, म्हणून मी ते ठेवून घेतलं.

माझा जन्म खळीच्या वासाने भरलेल्या एका कारखान्यात झाला. कागदाचा लगदा साच्यात दाबून आधी माझं धड केलं, मग एकेक अवयव. जठर, यकृत, आतडी, मूत्रपिंडं, फुप्फुसं, हृदय. प्रत्येकाला मागे एक लाकडी खुंटी आणि माझ्या पोकळीत तिच्यापुरतं एक भोक. छातीला तेवढं एक झाकण. रंगकाम एका मावशीकडे होतं. चष्मा नाकाच्या टोकावर, एक कुंचला हातात, दुसरा दातांत. शुद्ध रक्ताच्या नळ्या तिने लाल रंगवल्या, अशुद्ध रक्ताच्या निळ्या, आणि एकही रेघ हलू दिली नाही. एकदा तिच्या हाताखालची नवी मुलगी माझं मूत्रपिंड दाबून दाबून बसवत होती. मावशी दातांतला कुंचला काढून म्हणाली, “जोर लावू नकोस गं. जोर लागला म्हणजे कुठंतरी चुकलंय.”

हे वाक्य मी जन्मभर विसरलो नाही. विसरायला आत मेंदू आहे कुठे, असं विचारू नका.

शाळेत आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! मला बघायला वर्गच्या वर्ग रांग लावून येत. माझं आतडं हातात घेऊन पोरं “अबब” म्हणत, आणि आपलं स्वतःचं पोट चाचपून बघत. शेजारच्या कपाटात हाडांचा सापळा होता. पोरं त्याला घाबरायची, आणि घाबरतात म्हणजे मान देतात, असा त्याचा समज होता. पोटात साधं आतडं नाही, पण तोरा केवढा. शिकायचं म्हटलं की पोरं माझ्याकडेच वळायची, हे त्याला शेवटपर्यंत पचलं नाही. पचणार कसं म्हणा, त्याला जठर नव्हतं.

मग एका सुट्टीत शाळेला रंग द्यायला काढला आणि माझे ग्रह फिरले. आमचे शिपाईमामा फार कामसू. प्रयोगशाळा आवरताना त्यांनी माझे सगळे अवयव काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि खिडकीत ओळीने वाळत ठेवले. परत लावताना पोटातलं सगळं जागच्या जागी गेलं. फुप्फुसांपाशी गाडी अडली. मामांनी उजवं फुप्फुस डावीकडे धरलं आणि डावं उजवीकडे. खुंट्या भोकांत जाईनात. मामांनी थोडा वेळ हाताने दाबलं आणि मग चक्क गुडघा लावला. फुप्फुसं आत जाऊन घट्ट रुतली, पण हृदयाला जागा उरली नाही. ते छातीबाहेर डोकावत राहिलं आणि छातीचं झाकण काही केल्या लागेना. ओल लागून मास्तर फुगलेत, असं मामांनी ठरवलं आणि झाकणावरून सुतळी गुंडाळून गाठ मारली. सुतळी सोडली की सगळं बाहेर सांडेल या भीतीने त्यांनी कपाटाला पाटीही लावली: ‘हात लावू नये’.

तेव्हापासून माझी शिकवणी लांबून सुरू झाली. शिक्षक छडीचं टोक माझ्याकडे करत, “हे बघा, इथे आत हृदय आहे,” म्हणत, आणि पोरं सुतळीकडे बघत. माझ्याइतका अपमान कुठल्याही मास्तराचा झाला नसेल. चूक मला ठाऊक होती. सांगायला तोंड होतं, पण ते रंगवलेलं.

असा मी धूळ खात होतो, तेव्हा दोन माणसं माझ्या आयुष्यात आली. एक विज्ञानाच्या नव्या बाई, आणि दुसरी टिचकी.

टिचकीला जन्मापासून दिसत नव्हतं. समोर काही आलं की ती त्याला एक टिचकी मारायची आणि आवाजावरून ते कशाचं आहे ते सांगायची. म्हणून वर्गाने तिचं नाव टिचकी ठेवलं. बाईंनी कपाट उघडून तिला माझ्यापाशी आणलं, तेव्हा तिने पहिली टिचकी माझ्या कपाळावर मारली. “कागद आहे,” ती म्हणाली, “आणि मास्तर डोक्याने पोकळ आहेत.” एवढं स्पष्ट माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं. तरी मला ती आवडली.

त्या वर्षी तिच्यावर एक संकट घोंघावत होतं. वरच्या वर्गात गेल्यावर तिचं विज्ञान बंद करून तिला संगीत द्यायचं, असं मुख्याध्यापकांच्या मनात होतं. माणूस मनाने वाईट नव्हता. विज्ञानात आकृत्या काढाव्या लागतात, पोरीला उगाच त्रास नको, एवढाच त्यांचा विचार. टिचकीला हे कळलं तेव्हा ती बाईंजवळ येऊन उभी राहिली.

“बाई, मला गाता येत नाही. मी गायला लागले की आमची मांजर उठून जाते. मला माणसाच्या आतलं शिकायचंय.”

बाई तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या. बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की सत्र संपताना टिचकीने मुख्याध्यापकांसमोर माझे अवयव काढून, प्रत्येकाचं काम सांगून, ते परत जागेवर बसवायचे. जमलं तर विज्ञान, नाही जमलं तर संगीत. त्या क्षणापासून मी केवळ मास्तर राहिलो नाही, त्या पोरीची परीक्षा झालो. मला माझ्या छातीची काळजी लागली.

शाळा सुटली की बाई आणि टिचकी माझ्याजवळ बसू लागल्या. सुतळी सोडायची बाईंचीही छाती होईना. म्हणून फुप्फुसं आणि हृदय त्यांनी मातीचं करून दिलं: उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, आणि डाव्याला पुढून हृदयापुरती एक खाच. टिचकीने ती खाच अंगठ्याने इतक्यांदा चाचपली की माती गुळगुळीत झाली.

पोटातले अवयव मात्र ती माझेच काढायची. सुरुवातीला सगळा घोळ उजव्या-डाव्याचा. माझ्यासमोर उभं राहिलं की माझी उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. डोळस पोरंही तिथेच फसतात आणि माझं यकृत बिनदिक्कत डावीकडे सांगतात. टिचकी दोन-तीनदा फसली, वैतागली, आणि मग सरळ माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मागून तिने मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि हात पुढून माझ्या पोटात घातले.

“आता माझा डावा तोच मास्तरांचा डावा,” ती म्हणाली. “आमची आई पण अंगातलं नीट बसलंय का ते मागे उभी राहूनच बघते.”

तिची आई शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश शिवायची. कापलेल्या बाह्यांच्या जोड्या लावायचं काम घरी टिचकीकडे असे. बाईंनी तिचं ऐकून स्वतः डोळे मिटले, माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि हात पुढे घालून बघितले.

तिथून टिचकीची गाडी सुसाट सुटली. जठर डावीकडे, यकृत उजवीकडे. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली लागलं, तेव्हा आपलं चुकलं का असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, वर यकृताने ऐसपैस बैठक मारली आहे, त्याने बिचाऱ्याला खाली सरकवलं. टिचकी हसली. ते तिच्या कायमचं लक्षात राहिलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. मुख्याध्यापक खुर्चीत बसले, शिपाईमामा दाराशी, आणि टिचकीची आई गळ्यात मापाची पट्टी तशीच घेऊन कामावरून धावत येऊन त्यांच्याशेजारी उभी होती. खिडकीत सगळा वर्ग लोंबकळत होता. टिचकी माझ्या मागे उभी राहिली आणि तिची बोटं चालू लागली. आतड्यांपासून मूत्रपिंडांपर्यंत एकेक अवयव बाहेर आला, त्याचं काम सांगून झालं, आणि तो हळूच जागेवर गेला. मुख्याध्यापक खुर्चीत पुढे सरकले.

“छान. आता छाती,” ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, छाती मातीची केली आहे. पण मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की शरीर म्हटलं की छाती आलीच, आणि ठरलं होतं मास्तरांचंच. मामा कळवळून नको नको म्हणत होते. बाईंनी ओठ आवळले आणि सुतळी सोडली. झाकण खाली आलं, हृदय बाहेर घरंगळलं. टिचकीने ते झेललं. मग तिने फुप्फुसं हलवून हलवून बाहेर काढली, त्यांची कामं सांगितली, आणि जशी निघाली तशीच परत ठेवायला गेली.

ती बसेनात. मित्रांनो, माझ्या पोकळ डोक्यात तेव्हा एकच आकांत चालला होता: जोर लावू नकोस गं, जोर लावू नकोस. इतक्यात मामा दारातून कुजबुजले की तिथे जोर लागतोच, दाब पोरी. टिचकी थांबली. तिने दाबलं नाही. तिची बोटं फुप्फुसाच्या भागांवरून सावकाश फिरू लागली.

“राहू दे बाळ,” मुख्याध्यापक मऊ आवाजात म्हणाले. “पोटाचं उत्तम केलंस.”

टिचकीने तोंड दाराकडे वळवलं. “आई, उजवी बाही डावीकडे शिवली तर काय होतं?”

आई गोंधळली, पण तिच्या धंद्यातलं विचारलं होतं. “काखेत ओढ बसते. पुढचं बटण लागत नाही.”

“मग मास्तरांचं बटण त्यामुळेच लागत नाहीये,” टिचकी म्हणाली. “सर, यांच्या बाह्या उलट्या लागल्यात. हे तीन भागांचं फुप्फुस डावीकडे होतं. ते उजवीकडचं आहे.”

तिने दोन्ही फुप्फुसांची अदलाबदल केली. खुंट्या भोकांत अशा गेल्या की आवाजसुद्धा झाला नाही. डाव्या फुप्फुसाची खाच अंगठ्याने शोधून तिने हृदय तिथे टेकवलं. ते बसलं. मग तिने झाकण लावलं आणि नुसता तळहात ठेवला.

टक्.

मी श्वास घेतला असं म्हणणार नाही, लगद्याला कसला श्वास. पण माझी छाती मिटली होती आणि वर सुतळी नव्हती, एवढं खरं.

खिडकीतल्या वर्गाने असा गलका केला की शेजारच्या सापळ्याचा जबडा खडखडला. मामा डोक्याला हात लावून म्हणाले, “म्हणजे गुडघा लावून बिघडवलं ते मीच!” आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसत सुटले. मुख्याध्यापक उठून माझ्यापाशी आले. त्यांनी झाकण काढलं, लावलं, परत काढलं, परत लावलं, लहान मुलासारखं. मग म्हणाले, “बाई, संगीताच्या वर्गाला निरोप द्या. ही मुलगी त्यांना मिळणार नाही.” आकृत्यांचं काय, ते त्यांनीच ठरवून टाकलं: शाळेच्या परीक्षेत टिचकी मातीत आकृती करेल. तिच्या आईने मापाच्या पट्टीच्या टोकानेच डोळे पुसले.

मामांनी त्याच दिवशी कपाटावरची पाटी उचकटून काढली. आता मुलं माझ्या मागे उभी राहतात, डोळे मिटतात आणि माझ्या पोटात हात घालतात. लहान वर्गांना हे शिकवायला टिचकीच येते. सापळा एकटाच कुढत उभा असतो, आणि मी त्याची अजिबात कीव करत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला सुतळीने बांधून ठेवू नका. हात स्वच्छ धुवा आणि खुशाल त्याला हात लावा. काढलेलं परत जागेवर ठेवा. आणि एखादी गोष्ट बसत नसली तर गुडघा लावू नका. ती बाहेर काढा, बोटांनी नीट बघा आणि तिची जागा शोधा.

टिचकी अजून आली की आधी माझ्या कपाळावर टिचकी मारते आणि म्हणते, “मास्तर अजून पोकळच आहेत.” मग ती छातीवर मारते, कान देऊन ऐकते, आणि पोरांना सांगते, “इथे मात्र सगळं जागच्या जागी आहे.”