दहावा शब्द

आत्याच्या शिवणकामाच्या दुकानाची डबी तिसऱ्यांदा कुणीतरी उपटली, तेव्हा मला इतका राग आला की मी चहात साखरेऐवजी बटण टाकलं आणि तसाच प्यायलो.

आम्ही ज्यू. दाराच्या चौकटीवर बोटभर डबी लावतो, आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना. ती कुणाला चावत नाही. या खेपेला शटरवर मजकूरही होता : 'ज्यूंनो, चालते व्हा'. आत्याचा जन्म याच गल्लीतला. चालतं व्हायचं म्हणजे कुठे, समोरच्या फुटपाथवर?

आधी दोन्ही वेळा ती पोलिसांकडे एकटी गेली होती. दोन्ही वेळा कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं : खोडसाळपणा.

"आज पुन्हा तेच लिहिलं, तर चौथी डबी नाही," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "शटरही उघडणार नाही."

दोरा एका फटक्यात ओवला गेला. म्हणजे ठरलेलं होतं.

मी समोरच्या इस्त्रीवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान पहाटेच उघडतं.

"काका, काही पाहिलंत?"

"मी खाली बघून इस्त्री करतो."

"तिन्ही वेळा?"

"सुरकुत्या फार होत्या."

"आत्यानं तुमच्या लेकीचा लग्नाचा पोशाख शिवला, तेव्हा बरं वर बघत होतात."

त्याची इस्त्री थांबली. एक शर्ट करपला. माझा नव्हता, तरी बरं वाटलं.

आमच्या ज्यू मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. आजवर मंडळानं फक्त गळक्या टाकीवर ठराव केले होते. पण शटर पाहून डॉक्टर म्हणाले, "यापुढे तक्रारीला कुणी एकटं जायचं नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, मग तक्रारीलाही दहा जण."

"प्रार्थनेत तुम्ही मला मोजत नाही," आत्या म्हणाली.

"त्यावर नंतर भांडू. आज पहिली तू."

ठाण्यात खुर्च्या तीन. आम्ही सगळे उभे राहिलो, कारण बसलो असतो तर भांडण आमच्यातच झालं असतं.

टेबलामागचे पोलीस म्हणाले, "वाऱ्यानं पडली असेल डबी."

"चार स्क्रू काढून?" मी म्हणालो. "आणि मग वाऱ्यानंच रंगाचा डबा आणला?"

"तू गप," आत्या म्हणाली.

"तुम्ही किती जण?" पोलिसांनी विचारलं.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक प्रार्थनावाक्य आहे; एकेका माणसाकडे बोट करत एकेक शब्द म्हणायचा. डॉक्टर म्हणू लागले. आत्या, तिच्या दुकानातले शिंपीकाका, मी... माणसं संपली आणि एक शब्द उरला. नऊच होतो. डॉक्टर बोट हवेत धरून थांबले.

"हे मंत्र मारतायत का?" पोलिसांनी मला विचारलं.

"माणसं मोजतायत."

"मग बोला ना, नऊ."

"दहावा शब्द अजून शिल्लक आहे," डॉक्टर म्हणाले आणि हात खाली घेईनात. पाच मिनिटं. दात काढणाऱ्याचा हात, दुखत नाही.

दार उघडलं. इस्त्रीवाला. बोट नेमकं त्याच्यावर. डॉक्टरांनी दहावा शब्द म्हटला.

"मी पाहिलं," तो खाली बघूनच म्हणाला. "तिन्ही वेळा. माझा मेहुणा आणि त्याचा एक दोस्त. ज्यू नकोत गल्लीत, असं मोठमोठ्यानं म्हणत होते. बायको आज जेवायला वाढणार नाही, म्हणून जेवूनच आलोय."

कुणीच हसलं नाही. मला त्याला मिठी मारायची होती आणि एक ठोसाही द्यायचा होता. तीन वेळा, काका.

"कारणात द्वेष लिहा," आत्या म्हणाली.

"फॉर्मवर तशी चौकट नाही. चोरी, दारू, भांडण, खोडसाळपणा."

डॉक्टरांनी खिशातून पट्टी काढली आणि 'खोडसाळपणा'खाली सरळ रेघांची नवी चौकट आखली.

"अहो, सरकारी फॉर्म आहे."

"म्हणून तर पट्टीनं काढली."

पोलिसांनी आमच्याकडे पाहिलं. दहा जण, तीन खुर्च्या, कुणी हलायला तयार नाही. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं : द्वेष. खाली इस्त्रीवाल्याची सही घेतली.

दुपारी आत्यानं शटर वर केलं. चौथी डबी मी लावली. ती तिरकीच लावायची असते. माझं वाकडं काम पहिल्यांदाच बरोबर ठरलं. राग मात्र जात नव्हता. एक शब्द लिहून घ्यायला दहा माणसं लागावीत?

"लागली ना," आत्या म्हणाली. "स्क्रू घट्ट कर. राग तिकडे काढ."